वर जाणं थांबलं की

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून आम्ही सगळेच डोळे मिटून बसलो होतो. शेजारच्या बाकावर थेंब घातलेला एक धाकटा भाऊ आणि त्याच्या सोबतीला आलेली थोरली बहीण बोलत होते.

"ताई, परवा आठशे मीटर गेलं! घरी बनवलेलं रॉकेट, पुठ्ठ्याच्या नळीचं!"

"हळू बोल. सगळे ऐकतायत."

"ऐकू देत की! आणि आतला कॉम्प्युटर केवढा, माहितीये? नखाएवढा. चाळीस ओळींचा प्रोग्रॅम. आमच्या ऑफिसात नुसती रजा मागायला सात पानं भरावी लागतात!"

"चाळीस ओळींत तो करतो तरी काय?"

"एकच काम. रॉकेटचं वर जाणं थांबलं, की पॅराशूट उघडायचं. उशीर झाला की खेळ खल्लास, सरळ जमिनीत घुसतं."

"आणि थांबलं हे त्याला कळतं कसं?"

"हवेचा दाब मोजत असतो ना सारखा! बेटा फसत नाही."

"तुझा फोन वाजला बघ."

"मला काही दिसत नाहीये, तूच वाच. रविवारच्या उड्डाणाचं असेल!"

"साहेबांचा मेसेज आहे. रविवारी नवी सिस्टीम चालू करायचीय, सकाळी आठला हजर राहा म्हणतायत."

"परत?"

"बारा वर्षं त्याच खुर्चीत आहेस ना रे तू?"

"हो, बारा. एकही बढती नाही."

"मग काय कळवू त्यांना?"

"लिही, येणार नाही."

"लिहिते, रविवारी येणार नाही."

"रविवार घालू नकोस, ताई. नुसतं येणार नाही. आणि पटकन पाठव, मला जमीन दिसायला लागलीय!"