काकांचं धोतर आणि आमचा गणपती

आमच्या काकांशी वाद घालून काही उपयोग नसतो. दरवर्षी गणपती दादा आणायचा, पण शहाण्णव साली त्याला नेमकी त्याच दिवशी डोलवीच्या कंपनीत शिफ्ट लागली. मी म्हटलं, “पेणहून मूर्ती मी आणते.”

काका म्हणाले, “पोरींनी गणपती उचलायचा नसतो.”

“का?”

“नसतो म्हणजे नसतो! बरोबर चल हवी तर.”

असला राग आला! तरी गेले बरोबर. मूर्ती घेऊन काका पेणच्या जुन्या चौकात शिरले. चतुर्थीच्या आदल्या दिवशीचा बाजार, पाऊल टाकायला जागा नाही. तिथेच त्यांच्या धोतराची गाठ सुटली. दोन्ही हातांत देव आणि खाली चिखल.

पत्री विकणारी मावशी ओरडली, “काका, आता कायतरी एक सोडावं लागंल!”

काकांनी आजूबाजूला पाहिलं. ओळखीची मी एकटीच.

“धर गो,” ते पुटपुटले.

मी मूर्ती घेतली आणि अख्खा बाजार ‘मोरया’ ओरडला. धोतर खोचून काकांनी हात पुढे केले.

“आता नाय देणार,” मी म्हटलं.

त्यांनी मूर्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “सोंड सांभाळ,” म्हणाले आणि पुढे होऊन गर्दीवर खेकसले, “सरका, सरका! आमच्या पोरीच्या हातात गणपती हाय!”