आवाजवाले सायलेन्सर

नाई नाई, भोजराजभाऊ, आवाजवालेच लावा — दोनी बाजूले. आतली जाळीबी काढून टाका, जेवढा मोठा आवाज निघन तेवढा बरा. पोलीस पकडतात, मले मालूम हाये. या वयात हा शौक कायले, म्हनता? शौक नाई जी. गाडी पोराची, संजीवची. डावा सायलेन्सर चेपला, तो तसाबी बदलाचाच होता — अन् दोन सिलिंडरची गाडी, एकीकडं कंपनीचा अन् एकीकडं बाहेरचा असं जमत नाई, तुमीच तर सांगितलं. म्हनून दोनी. तुमसरले नाई नेली, तिथले मिस्त्री त्याच्या ओळखीचे. सर्विसिंगले नेतो म्हनून घेतली अन् सीधा तुमच्या शहापूरले आलो.

कसा चेपला? पडली गाडी. नाकाडोंगरीच्या जंगलात रानडुक्कर आडवं आलं. संजीव चालवत होता, मागं संघपाल — त्याचा दोस्त, लहानपनापासूनचा, आमच्याच घरी जेवाचा. आमच्या पोराले खरचटलं तेवढं. संघपाल नाई वाचला. दिवाळीच्या आधीची गोष्ट.

तुमी काम करा ना, पाना काहून खाली ठेवला? मी असाच बोलून राहिलो. संघपालची माय संजीवले काही बोलली नाई, उलट डोक्यावरून हात फिरवला — मले वाटते, तिनं दोन शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं, पोट्टा रडला तरी असता. आता रडत नाई, भांडत नाई. विचारलं तर 'काही नाई बाबा' — बस. मी चिखल्याले खाणीत, रातपाळी करून येतो अन् दुपारी झोपतो, अन् हा नेमका दुपारीच गाडी काढते. कंपनीचा सायलेन्सर असा गुपचूप, कवा गेला समजतच नाई. परवा करुणानं, माह्या बायकोनं, हलवून उठवलं. शेजाऱ्याची गाडी घेऊन मागं गेलो — तर हा बावनथडीच्या पुलावर. कठड्याले टेकून खाली पाहून राहिला. आता पोट्टे पानी पाहाले जातात ना? जातातच. पन चपला काढून ठेवल्या होत्या, भाऊ. बाजूले. बरोबर जोडून.

मी त्याले काय विचारलं, म्हनता? 'चल, जेवाले चल' म्हनलं. जीव द्याले गेलता का, असं पोटच्या पोराले कोनत्या तोंडानं विचारू? म्हनून हे सायलेन्सर. आवाज होईन, झोप मोडन, मी उठन, धावन —

हो. बरोबर हाये तुमचं. फाटकापाशी पोचेपर्यंत तो फाट्याच्या पार असन. अन् मी तिथं उभा राहून नुसता आवाज आयकन, दूर जाताना.

थांबा. नका कसू. काढा ते. जुनेच लावा, चेपलेला डावाबी. चालन ना तसा? मी रजा टाकतो. तो निघाला का मागं बसतो. संघपाल गेला तवापासून मागं कोनाले बसू देत नाई — 'उतरा' म्हनन. म्हनू दे. नाई उतरत. पुलावर त्याच्या बाजूले उभा राहतो अन् तिथंच विचारतो, जे विचाराचं ते.

चहा नको. लावा लवकर. घरी करुणा एकटीच हाये त्याच्यापाशी.