दहावा लाल दिवा

नाही, नाही, आधी पाणी प्या – टिश्यूचा डबा रिकामा आहे, कालच्या जोड्यांनी संपवला – आणि ‘तुम्ही बाहेर शिकून आलात, तुम्ही समजून घ्याल’ हे परत म्हणू नका, आल्यापासून दोनदा म्हणालात. शिकले, हो, सहा वर्षं, लांब – आणि परत आले ती टीव्हीवरच्या याच प्रश्नमंजुषेसाठी. हसू येईल तुम्हाला, पण खरं आहे. मला वाटलं होतं, प्रश्न तयार होतात ती खोली म्हणजे छतापर्यंत पुस्तकं असतील, चार म्हातारे एका सनावळीवरून हमरीतुमरीवर आलेले असतील. निघालं काय? हे. दोन सोफे, टिश्यूचा डबा, आणि ती भिंतीवरची पाटी – ‘आधी माणूस, मग प्रश्न’. पहिल्या दिवशी मी म्हटलं, वा, काय माणुसकी! आठवड्याने कळलं, माणूस आधी कशासाठी – त्याचं कुठे दुखतं ते कळावं म्हणून.

रविवारचा भाग दाखवू नका, एवढंच तुमचं म्हणणं आहे ना? कळलं मला. वडील कालपासून बोलत नाहीत, तेही कळलं. पण आधी ऐका तरी, ताई, घाई काय आहे – शाळेला दांडी मारलीच आहे तुम्ही आज.

तेवीस वर्षांपूर्वी हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा एक फळा होता, एक मास्तर होते – खरेखुरे, निवृत्त झालेले – आणि समोर तीन मुलं. बक्षीस काय, तर शब्दकोश. चुकलं की मास्तर म्हणायचे, ‘छान चुकलास, आता बरोबर काय ते ऐक.’ आम्ही घरी जमिनीवर बसून बघायचो. माझे बाबा मागे खुर्चीत. प्रश्न संपायच्या आत म्हणायचे, ‘हिला नाही येणार.’ मला यायचं. मग म्हणायचे, ‘लागला तुक्का.’ – असो. पुढे मास्तर गेले, मोठी माणसं आली, बझर आला. तेही लोकांना शिळं झालं, तेव्हा निर्मात्यांनी नात्यातली जोडी आणली. एक जण टेबलाशी, दुसरा काचेच्या खोलीत. काचेतल्याला प्रश्न ऐकूच येत नाही, फक्त विषय – इतिहास, भूगोल, जे असेल ते – आणि त्यावरून त्याने बटण दाबायचं. येईल, हिरवं. येणार नाही, लाल. उत्तराचा गुण वेगळा, अंदाजाचा वेगळा. तुम्हाला हे सगळं पाठ आहे, मी उगाच सांगतेय.

तर तुम्ही. इथेच बसला होतात, त्याच जागी. मी विचारलं, वडिलांचं वाचन वगैरे? तुम्ही हसलात. म्हणालात, ‘सातवी पास आहेत हो, हौस म्हणून आणलंय, मला लाल बटणच धरून बसावं लागणार.’ मग जरा घाबरून विचारलंत, ‘त्यांना दिसतं का मी काय दाबलं ते?’ आणि मी म्हटलं, नाही, फक्त प्रेक्षकांना.

हो, खोटं बोलले. आता तुमच्या बटणाचा दिवा त्यांच्या टेबलावर असतो, नाकासमोर. याच महिन्यापासून. कुणाची कल्पना? – माझी. बैठकीत मीच उठून बोलले, अगदी हातवारे करून – घराघरात लोक एकमेकांना काय समजतात ते एकदा समोर येऊ दे, लपवाछपवी गेली की माणसं मोकळी होतात, ज्ञान म्हणजे हेच – टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. आणि आधी सांगितलं असतं तर तुम्ही खरं दाबलं असतं का? नसतं. सगळे हिरवंच दाबतात मग.

आणि तुमचे वडील! तुमच्या आधी तासभर बसले होते इथे. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात फिटर, आणि जेवणाच्या सुट्टीत रोज समोरच्या वाचनालयात. विश्वकोशाचे सगळे खंड, ताई. क्रमाने. डबा पायरीवर बसून पाच मिनिटांत संपवायचे, कारण वाचनालयात खायला बंदी. तुम्हाला माहीत नव्हतं? नाहीच सांगितलं त्यांनी. मला म्हणाले, ‘पोर शिकवते शाळेत, तिच्यापुढे काय शहाणपणा मिरवायचा.’

मग काय झालं ते तुम्ही काचेतून बघितलंत. इतिहास – तुमचा लाल, त्यांचं उत्तर बरोबर. भूगोल, लाल, बरोबर. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा त्यांना वाटलं यंत्र बिघडलंय, वाकून बघितलं त्यांनी – फिटरच ते. चौथ्यानंतर कळलं. पाचव्याला तर विषय सांगताच ते दिव्याकडे बघायला लागले, तिकडे बघूनच उत्तर द्यायचे. नऊ लाल, नऊ बरोबर – दर वेळी तुम्हाला तुक्काच वाटला असणार. आणि फलकावर त्यांच्यापुढे नऊ, तुमच्यापुढे भोपळा.

मग दहावा. विषय भौतिकशास्त्र. तुम्ही लाल. ते म्हणाले, ‘मला नाही येत.’ आणि आमचा सूत्रसंचालक कसा ओरडला – ‘शेवटी ओळखलं लेकीने बापाला!’ टाळ्या. तुम्ही मघाशी काय म्हणालात? ‘एक तरी माझा बरोबर आला.’

प्रश्न काय होता, सांगू? वाहत्या पाण्याचा नळ एकदम बंद केला की पाईप का धडकतो.

बसा. बसा खाली.

चौतीस वर्षं त्यांनी तेच केलं, नाही का? याच सोफ्यावर मला हात हलवून समजावलं – पाणी वेगात असतं, अडवलं की मागे धडक मारतं, जुने जोड त्यानेच फुटतात. म्हणून तर मी तो प्रश्न ठेवला. त्यांच्यासाठी! मला वाटलं, शेवटचा प्रश्न त्यांच्या हातातला, खाडकन उत्तर देतील आणि तुमचं तोंड बघण्यासारखं होईल. आणि त्यांनी काय केलं – फलकाकडे बघितलं, तुमच्या भोपळ्याकडे, मग दिव्याकडे. मास्तरीण पोरगी, वर्गातली पोरं बघणार. दिला तुम्हाला एक गुण. मी तिथे उभी होते, मला इतका राग आला – नाही, त्यांचा नाही. जाताना माझ्यापाशी आले, म्हणाले, ‘बेटा, तो शेवटचा प्रश्न कोणता होता ते तिला कळू देऊ नकोस.’ मी हो म्हटलं. मान हलवून, त्यांचा हात धरून हो म्हटलं.

आणि आता सांगूनही बसले. असं बघू नका.

सकाळी आठला आले तेव्हा मी दोन कागद टाइप केले – एक, हा भाग रद्द करावा, आणि एक माझा राजीनामा. निर्माते अकराला येतात, तोवर हे दोन्ही इथेच पालथे पडलेले. मग तुम्ही आलात. पाऊण तास झाला, ताई. शाळेत काय म्हणतील, सासरचे काय म्हणतील, मुलं नक्कल करतील – सगळं सांगितलंत. वडील बोलत नाहीत म्हणालात. का बोलत नसतील, ते मला एकदाही विचारलं नाहीत.

हे बघा, फाडले. दोन्ही.

भाग लागणार, रविवारी, साडेआठला, काहीही न कापता. आणि दहाव्या प्रश्नाच्या वेळी खाली एक ओळ जाईल, मीच लिहिणार ती – ‘पाणीपुरवठा विभागात चौतीस वर्षं फिटर.’ बाकीचं लोकांना आपोआप कळेल. त्यांनाही? – हो, त्यांनाही कळेल की मी शब्द मोडला.

पर्स राहिली तुमची. आणि जाताना बाहेर त्या दोघी बसल्यात ना, सासू-सून, त्यांतल्या सुनेला आत पाठवा.