हॉलमधला कॉलम

तुम्ही हसाल, पण परवापासून माझी झोप उडाली आहे. नरोलीत आमच्या खालच्या मजल्यावरचा योगेश हॉल मोठा करायला मधली भिंत फोडायला निघाला. मी धावत खाली गेलो.

"अरे, माझं घर या भिंतीवर उभं आहे!"

"काका, टेन्शन नका घेऊ. आपली बिल्डिंग फ्रेमवाली आहे. वजन सगळं कॉलमवर, भिंती नुसत्या आडोशाला."

आयुष्यभर कॉलेजात मी हेच शिकवलं, त्यामुळे क्षणभर मलाच वाटलं, आपलं चुकत असेल. मग हॉलमधल्या कॉलमवर टकटक केलं. आतून पोकळ! बिल्डरने शोभेसाठी प्लायवूडचा उभा केलेला.

"बघ, हा खोटा आहे. याच्यावर काहीच वजन नाही!"

योगेशने स्वतः वाजवून पाहिला आणि खुशीत गवंड्याला म्हणाला, "भैया, दीवार के साथ ये भी निकाल दो. हॉल और बडा दिखेगा."