निकमांचं देवक परदेशी निघालं

बसा, मंडळी, बसा. आज मी फार वेळ उभा राहीन असं वाटत नाही. लग्नसराईत घसा गेलाय, आणि विमानात सुजलेले पाय अजून चपलेत नीट मावत नाहीत. मृदंगवाले, जरा हळू वाजवा! आजचं आख्यान पुराणातलं नाही, परवाचं आहे. आणि त्यातला पापी शोधायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही.

आधी एक प्रश्न. माणूस खोटं कशापायी बोलतो? सांगा! भीतीपायी? बरोबर. लोभापायी? तेही बरोबर. मागून कोण म्हणालं, बायकोपायी? हसू नका, तो आमचाच टाळकरी आहे. पण ह्या सगळ्यांहून मोठं एक कारण आहे, आणि ते मला साठी उलटल्यावर कळलं. ऐका.

आपल्या शेजारच्या गावात केरबा आप्पा निकम. साधा माणूस. आई-वडील लवकर गेले, तर ह्यानं धाकट्या भावाला, प्रतापला, पोरासारखा वाढवला. स्वतः शेत धरलं, त्याला पुण्याला शिकवला. आज तो प्रतापराव झाला! मोठा बांधकामवाला. त्याच्या एकुलत्या एक लेकीचं, शर्वरीचं लग्न ठरलं. कुठं? गावात? नाही. पुण्यात? नाही हो! समुद्रातल्या एका बेटावर, परक्या देशात! नाव सांगत नाही, उद्या तुम्हालाही कुणी तिथं बोलावेल.

पत्रिकेबरोबर माझ्या मोबाइलवर पाहुण्यांसाठी सूचना आल्या. अठरा पानं! सगळी इंग्रजीत. आप्पांनी मला घरी बोलावलं. मलाही आमंत्रण होतं—मंगलाष्टकं म्हणायला. म्हणाले, "म्हाराज, तेवढं वाचून सांगा की."

मी वाचायला लागलो. पासपोर्टची मुदत परतल्यावरही सहा महिने शिल्लक पाहिजे. औषधाबरोबर डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे. विमानात दर तासाला उठून चालावं, पाय सुजतात. (हे मी वाचून दाखवलं आणि स्वतः घोरत पडलो. भोगतोय!) संध्याकाळी सगळ्यांनी फिकट रंगाचे कपडे घालावेत. आप्पा म्हणाले, "फिका फेटा कुठनं आणू वो? आमच्यात फिकं मयताला घालत्यात!"

प्रत्येक ओळीला एक प्रश्न. आप्पांच्या घरच्या, आमच्या काकू, चहा घेऊन आल्या, त्यांचे आणखी चार. त्या दिवशी माझी दोन कीर्तनं झाली होती, तिसऱ्याला जायचं होतं. बाराव्या पानावर मी मोबाइल खाली ठेवला. म्हटलं, "आप्पा, पुढं काही नाही. समुद्रात फार आत जाऊ नका, एवढंच आहे."

काही नाही कसं? चौदाव्या पानावर ठळक अक्षरात होतं—झाडं, पानं, बिया ह्या देशात आणता येत नाहीत!

आता शहरातली पोरं बसलीत म्हणून सांगतो. देवक म्हणजे कुळाचा साक्षीदार. निकमांचं देवक पाचपालवीचं. आंबा, उंबर, जांभूळ, शमी आणि रुई. लग्नाआधी घरातल्या थोरल्या जोडप्यानं आपल्या शिवारातून पाची झाडांच्या डहाळ्या आणायच्या, मांडवाच्या मेढीला बांधायच्या, पुजायच्या. आणि देवक उठेपर्यंत त्या जोडप्यानं तिथून हलायचं नाही. प्रतापरावांच्या लग्नात हे आप्पा-काकूंनीच केलं होतं. अठरा पानांत देवकाचं नाव नव्हतं. आप्पांनी भावाला विचारलंही नाही. विचारायचं काय त्यात? आपलं काम आपल्याला ठाऊक!

तर निघायच्या दिवशी पहाटे आंघोळ करून आप्पांनी डहाळ्या खुडल्या. काकूंनी त्या ओल्या पंच्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या, वर स्वतःचा शालू.

विमान उतरायच्या आधी अर्ज भरायचा असतो. तिघांचे अर्ज मी भरत होतो. रात्रभराचा प्रवास, डोळे चुरचुरतायत, कंबर धरलेली. एक प्रश्न आला. मी विचारलं, "काकू, पेटीत झाडपाला काही आहे का?"

काकू भडकल्या! "झाडपाला? देवक हाय ते माझं! द्येवाला झाडपाला म्हणताय? किर्तन करताय का काय करताय?"

मंडळी, माझ्या हातात पेन होतं. मला कळलं होतं, अर्ज काय विचारतोय. समजावून सांगायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. मग आप्पांनी विचारलं असतं, का? मग काकू रडल्या असत्या. मग मला धीर द्यावा लागला असता. मी 'नाही'वर खूण केली आणि डोळे मिटले.

भीती नव्हती. लोभ नव्हता. कंटाळा होता! म्हाताऱ्या माणसाला पुन्हा एकदा सगळं समजावून सांगायचा कंटाळा. आयुष्यभर कीर्तनातून मी सत्य सांगत आलो, आणि ऐन वेळी सत्याला आळसानं मारलं.

उतरलो. एक कुत्रं आलं, पेटी हुंगून तिथंच बसलं. एका अधिकारी बाईनं पेटी उघडली. शालू बाजूला केला, पंचा सोडला. पानं अजून हिरवीगार होती हो! तिनं अर्ज माझ्यापुढं धरला. बाई चांगली होती, ओरडली नाही. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी सगळं कबूल केलं. ती म्हणाली, तुम्ही आधी येऊन विचारलं असतं तरी ही पानं आत सोडली नसतीच, नियम आहे. पण निदान तुम्हाला असं बसवून ठेवलं नसतं.

काकूंनी हात जोडले. "बाई, काय करायचं ते करा. पायाखाली तेवढं टाकू नका."

मी सांगितलं तिला. तिनं डहाळ्या दोन्ही हातांनी उचलून नेल्या. काकू ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.

दोन तासांनी सुटलो. बाहेर प्रतापराव, घामाघूम. दोनशे पाहुण्यांचं ओझं डोक्यावर. "आप्पा, पानांसाठी एवढं? हॉटेलवाले सजावटीला ढीगभर पानं देतायत! बांधा त्यातलीच!"

आप्पा शांतपणे म्हणाले, "प्रताप, हितली झाडं आपल्याला वळखत न्हाईत. मी माघारी जातो. दारात मेढ रोवतो, देवक बसवतो. तुझ्या लेकीला बिनदेवकाची उभी करणार न्हाई मी."

मी म्हटलं, "आप्पा, भावकीतल्या कुणाला फोन करू या की!"

"म्हाराज, गावातच कळलं आसतं तर बसवला आसता कुणाला. आता खुडून आणलेलं देवक माझ्या हातनं गेलं. मलाच बसाय पायजे."

लागलं, मंडळी. बारावं पान आणि चौदावं पान, मध्ये एकच पान होतं. तेवढं उलटलं असतं तर आप्पा मांडवात उभे राहिले असते!

संध्याकाळच्या विमानानं दोघं परत गेली. पोरीला भेटलीसुद्धा नाहीत, तिच्या मेंदीत विघ्न नको म्हणून. आणि मी? मी राहिलो. माझ्या खोलीतून समुद्र दिसत होता. एकदाही बघवला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समुद्रकाठी मांडव. अंतरपाट धरला. माइक माझ्या हातात. शर्वरीनं इकडं-तिकडं पाहिलं. "महाराज, आप्पा-काकू कुठायत?"

प्रतापराव म्हणाले, "प्रवासानं दमलेत, बाळ. खोलीत झोपलेत. हो ना, महाराज? करा सुरू."

आता सांगा, मी काय करावं? मुहूर्ताला चार मिनिटं. पाहुणे ताटकळलेले. 'हो' म्हटलं की सुटलो! अंगात त्राण नव्हतं, मंडळी, खरंच नव्हतं. पण काकूंचे ते जोडलेले हात डोळ्यांपुढून हलेनात. मी माइकवरच बोललो, "नाही, बाळ. ते गावी गेले. तुझं देवक राखायला. आणि त्यांना जावं लागलं ते माझ्या आळसामुळं."

पोरीनं मुंडावळ्या बाजूला केल्या आणि म्हणाली, "फोन लावा."

आप्पांकडे साधा बटणांचा फोन. तोंड दिसत नाही, आवाज तेवढा येतो. मी माइक फोनला लावला.

"कोण?"

"आप्पा, मी शरू. देवक बसलं?"

"बसलं, पोरी. दुपारीच बसलं. काकू दिवा राखतीया, मी मेढीला टेकलोय. मूर्त टळंल, उभी ऱ्हा तू."

"फोन ठेवायचा नाही, आप्पा."

"न्हाई ठेवत."

मंगलाष्टकं सुरू झाली. आणि तो फोन माझ्या माइकजवळ धरून कोण उभं राहिलं? प्रतापराव! पाहुणे विसरले, फोटोवाले विसरले. हात वर करून उभे. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली. आणि त्या फोनमधून, हजारो कोसांवरून, सगळ्या मांडवाला ऐकू येईल असा आप्पांचा आवाज आला—

"प्रताप, सकाळपास्नं काय खाल्लंस का रं?"

बांधकामवाला प्रतापराव तिथंच वाळूत खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला, मंडळी.

बस. एवढंच आख्यान. लग्न लांब करा, जवळ करा, माझं काही म्हणणं नाही. जाताना पासपोर्ट बघा, औषधं घ्या, अर्जात खरं लिहा. पण आज घरी गेल्यावर बघा, तुम्ही जेवलात का हे विचारणारं कोण उरलंय. आई असेल, चुलता असेल, थोरली बहीण असेल. तेच ते विचारत असतील, ऐकू कमी येत असेल. काल त्यांना 'काही नाही, तुम्हाला कळायचं नाही' असं म्हणून कोण उठलं? माझ्याकडे बघू नका, मी माझं सांगून बसलो! जा, त्यांच्यापाशी बसा. दोनदा विचारलं तर तिसऱ्यांदा सांगा. दमलात तरी सांगा.

उठा आता, आरती घ्या. मी बसूनच म्हणतो.