उरलेले दोन फवारे

हॅलो?… हो, हो, बोल भागू… अगं मीच, सुनीती. ताईचा आवाज ओळखू येईना का आता?… हळू बोलते, कारण गॅलरीत उभी आहे. खाली पार्किंगमध्ये तुझ्या भाऊजींचं काम चालू आहे.

कसलं म्हणजे? गाडीचं… हो, तोच ओरखडा. डाव्या दाराचा, पार पत्रा दिसेपर्यंतचा… वीतभर? वीतभर होता. आता हातभर आहे. दुरुस्त करताहेत ना.

घरीच!… अगं, बँकेत बत्तीस वर्षं काढलेला माणूस मोबाइलवर व्हिडिओ बघून रंगारी झालाय. एकोणीस बघितले. मी मोजले. शेवटचा तर तमिळमध्ये. 'हाताकडे बघायचं, भाषेकडे नाही,' म्हणे.

ऐक ना… आधी शाम्पूनं धुतली. माझ्या. मग पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून. खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. भिजवायला पातेलं कुठलं घेतलं असेल?… बरोब्बर, श्रीखंडाचं. मग लांबी भरली… लांबी गं, खड्डा बुजवायला लावतात ती. ती वाळवायला माझा हेअर ड्रायर. पहिल्या मजल्यावरून वायर सोडलीय खाली. काल प्रायमर झाला, आज रंग. दारावरच्या पट्टीवरून रंगाचा नंबर उतरवून दुकानातून डबा भरून आणला, फवाऱ्याचा. आता भोवती कागद चिकटवायचा, तर आजचा पेपर घेऊ देईनात. कोडं सुटायचंय. कालचा घेतला, तर त्यातलाही एक आडवा शब्द राहिलेला. तो दारावर सोडवला, उकिडवं बसून.

लोक? भरलंय की पार्किंग. सकाळपासून अकरा जण येऊन गेले. सगळ्यांचे हात मागे बांधलेले. नऊ जण म्हणाले, 'आधी विचारायचं होतंत.' दोघांच्या मेव्हण्याचं गॅरेज आहे. कागदाचं टोक धरायला कोणी थांबलं नाही. चहा मात्र अकरा गेले.

बद्रीनाथ?… छे, ते कसे येतील! समोर आपल्या स्कूटरपाशी उभे आहेत, पाठ करून. तीन आठवडे बोलणं बंद आहे… तुला सांगितलं नाही मी?

अगं, ह्यांनी तपास केला. ओरखडा जमिनीपासून एक्क्याण्णव सेंटिमीटर. मग टेप घेऊन पार्किंगमधल्या सगळ्या दुचाक्यांची हँडलं मोजली. चौदा. तक्ता केला. मालक, रंग, उंची, शेरा. खाली सही, 'तपासणार: गोपाळकृष्ण'. बद्रीनाथांची निघाली एक्क्याण्णव. रंग पांढरा. ओरखड्यातही पांढरट रेघ. झालं! शेरा, 'संशयास्पद'.

हो ना, एकतीस वर्षांची मैत्री. 'बद्री, बद्री' करत रोज फिरायला जायचे. आता वरच्या मजल्यावर चिठ्ठी जाते, 'आपण रविवारच्या सभेत लेखी दिलगिरी सादर करावी.' आपण! ह्यांनी एखाद्याला 'आपण' म्हटलं की समजावं, तो माणूस संपला… त्यांच्या द्वारकावहिनी परवा माझ्यापाशी रडल्या गं… उद्याच आहे सभा.

माझी स्कूटर?… तिचं काय मध्येच?… नाही मोजली. घरची गाडी कशाला मोजतील?… पिस्ता. तुला माहितेय की, घेताना तूच होतीस बरोबर…

…नाही, गप्प नाही झाले. दूध बघत होते.

…गॅलरीतच आहे. म्हणून काय दूध दिसत नाही?

भागू, लहानपणापासून ही वाईट खोड आहे तुला… बरं. स्पीकरवर नाहीस ना?… मंडईतून येत होते त्या दिवशी. पुढे दोन पिशव्या, हुकाला तिसरी. हँडल वळेना. एवढासाच आवाज झाला, कर्र… सांगणारच होते गं! जेवणं झाली की सांगू म्हटलं. तर पानं घ्यायच्या आत हे टेप घेऊन खाली. एकदा तक्ता आखून झाल्यावर कसं सांगणार, तूच सांग!

ह्यांना मोतीबिंदू आहे ना. दोन्ही डोळ्यांत. पिस्ता काय नि पांढरा काय… ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणतात.

गॅरेजला दिली असती तर कळलं असतं ना! गॅरेजचा योगेश आला होता बघायला. हे चष्मा आणायला वर गेले, तेवढ्यात मला म्हणतो, 'काकू, ह्यात पिस्ता रंग दिसतोय.' म्हटलं, बरं, आता निघा तुम्ही. ह्यांना सांगितलं, तो म्हणतोय पूर्ण बाजू रंगवायची, आठ दिवस गाडी ठेवा. ह्यांचा पारा चढला. मग हळूच म्हटलं, तुमच्यासारख्या माणसाला काय अवघड आहे हो?

हो, मीच बसवलं खाली. रेघ एकदा घासून निघाली की… हसतेस काय?

बद्रीनाथांचं बघेन ना मी. सभेत उठून म्हणेन, दार आता नवं झालंय, आम्ही माफ केलं… काय? माफ म्हटलेलं बोचलं तुला? बोचू दे.

थांब… कागद काढताहेत… अगं भागू, चांगलं झालंय गं! वरून तर कळतसुद्धा नाही. डाळिंबी रंग असा काही बसलाय… नाही, खरंच. आता त्या एकोणीस व्हिडिओंचं जन्मभर ऐकावं लागणार. ऐकेन. रेघ गेली, भागू!

काय म्हणताय?… तू नाही गं, हे खालून ओरडताहेत… डब्यात दोन फवारे उरलेत?… मग असू देत की!… अगं, वाया कसे घालवायचे, म्हणताहेत. कुठे गंज असेल तर मारून टाकतो… फाटकाची कडी बघितली. नको वाटतं ती… आता माझ्या स्कूटरकडे का चाललेत?… स्टँड गंजलाय म्हणे. अहो, राहू द्या तो!… अहो, मला आवडतो तो गंज!… ऐकतात कुठले. स्टँडवर घ्यायला हँडल धरलं…

थांबले.

हँडलच्या टोकाला नाक लावून बघताहेत. तिथे डाळिंबी लागलं होतं… पुसलं होतं गं! नेलपॉलिश काढायच्या त्या पाण्यानं पुसलं होतं. खालच्या अंगाचं राहिलं असेल… अगं, मोतीबिंदू असला तरी गडद दिसतं त्यांना. गडदच तेवढं दिसतं!

हाक मारली… बद्रीनाथांना. 'बद्री' म्हणाले, भागू. 'बद्री, टेपचं टोक धर.'

धरलं… वाकलेत दोघं… खिशातून तक्ता काढला. पंधरावी ओळ आखताहेत. पट्टीनं.

हसताहेत गं. द्वारकावहिनीपण आल्या खाली… आता सगळे वर बघताहेत.

नाही नाही, ठेवू नकोस! बोलत राहा, फोनवर असले म्हणजे… काहीही बोल, तुमच्याकडे वांगी कशी आहेत ते सांग…

श्श… हाक मारताहेत… हो, आलं ऐकू मला…

म्हणाले, 'सुनीतीबाई, आपण जरा खाली येता का?'

…ठेवते.