बाहेरच्या खिशातलं डूल

हॅलो?… कोण?… ग्लेनिस! अगं, बरं झालं तूच केलास… नाही, डेझमंड घरी नाही. धक्क्यावरच्या थिएटरात आहे, जादूचा दुपारचा खेळ… हो, त्या लोरेनला करवतीने कापतोय. कापू दे. आज पेटीतच राहू दे म्हणावं.

नाही गं, रडत नाहीये. कांदा चिरतेय… बरं बाई, रडतेय. पण कांदाही आहे.

ऐक ना… अगं, बहिणीचं ऐक तरी! मला डूल सापडलं… डूल! कानातलं! हिरव्या खड्याचं. डेझमंडच्या कोटात. तिचंच आहे, रविवारी चर्चच्या जत्रेत तिच्या कानात बघितलं मी.

हो, हो… तेच तर म्हणतेय. किती दिवस बघतेय मी. दाढी वाढवलीय… दाढी! लग्नापासून रोज सकाळी गुळगुळीत गाल करणारा माणूस. शर्ट बंद. बटणांचा कंटाळा आला म्हणे, आता गळाबंद स्वेटर. नाड्यांचे बूट गेले, कॉलेजातल्या पोरासारखे नुसते पाय सरकवायचे बूट आणलेत. चहा अर्धाच कप. मी म्हटलं, पोट कुणासाठी कमी करतोयस रे?… नुसता हसला.

आणि खेळात काय चाललंय माहितीये? नाणी बंद. पत्ते बंद. करवतीची पेटी तेवढी उरलीय, बाकी सगळं ती लोरेन करते, आणि हा एक हात खिशात घालून बाजूला उभा. नुसता बोलतो, जमीनदारासारखा… हो ना! पाटीवर पूर्वी ‘डेझमंड आणि आयव्ही’ असायचं. माझे गुडघे गेले म्हणून मी उतरले, तर ही चढली.

लंडनचं सांगितलंच नाही तुला… अगं, नाटक आलं होतं! मोठं. म्हातारा जादूगार, तोच नायक. त्यांना कसलेला नट हवा, आणि लोकांसमोर खरी हातचलाखी करणारा हवा. आहे कोण दुसरा? जन्मभर काय ऐकलं याने? नटांत गेला की म्हणतात हा जादूगार, जादूगारांत गेला की म्हणतात हा नट. टीव्हीवर काय मिळालं? वेटर, हवालदार आणि मेलेला माणूस. मेलेला तर तीनदा!… हो, तो नदीत सापडतो तोच. छान मेला होता.

आणि आता घरबसल्या चालून आलं, तर माझ्यादेखत फोनवर ‘नको’ म्हणाला. स्कारबरोचा समुद्र सोडवत नाही म्हणे. समुद्र! समुद्राकडे पाठ करून फिश-चिप्स खाणारा माणूस हा… मग काय तर! समुद्र नाही गं, लोरेन सोडवत नाही.

भरली. केव्हाच भरली, बॅग जिन्यातच ठेवलीय. संध्याकाळच्या गाडीने येते लीड्सला. तुझी मागची खोली चालेल मला, फक्त ते शिलाई मशीन जरा सरकवून ठेव…

कुठे म्हणजे? कोटाच्या खिशात… बाहेरच्या. रुमालावरच होतं. हात घातला की…

थांब हं जरा.

…आहे गं, आहे मी. थांब, बोलू नकोस.

ग्लेनिस, त्याच्या कोटाला चोरकप्पे आहेत. मीच शिवलेत. एकात तर कबुतर राहायचं, आख्खं, जिवंत! इतकी वर्षं त्याच्या शेजारी उभी राहिले मी, पण कुठला हात काय करतोय ते मलासुद्धा कधी दिसलं नाही. त्या माणसाला एवढंसं डूल लपवता येऊ नये? आणि वर सकाळी मलाच सांगतो, आयव्ही, कोट जरा घासून ठेव!

छे, विसरलाबिसरला नाही. मला सापडावं म्हणूनच ठेवलं त्याने.

अगं, का ते काय… माझं काम काय असायचं, सांग? चमचमता झगा घालून डावीकडून यायचं आणि हसायचं. लोक माझ्याकडे बघायचे, तेवढ्यात हा उजव्या हाताने आपलं काम उरकायचा. तसंच आहे हे डूल. मला लोरेनकडे बघायला लावलंय. म्हणजे याचा हात दुसरीकडे…

खिशात असतो. उजवा. सतत… हो गं, जेवतानाही! मध्यंतरी म्हणाला, सगळ्या विजारींचे उजवे खिसे खोल करून दे. मी हसत हसत करून दिले.

बटणं… नाड्या… दाढीचं ब्लेड… अगं बाई. अर्धा कप.

त्याचे वडील आठवतात तुला?… हो, घड्याळं दुरुस्त करायचे तेच. आमच्या लग्नानंतरचा नाताळ आठव. हात थरथरून त्यांचा चमचा ताटलीवर कसा वाजायचा… आणि सूप सगळं मांडीवर. डेझमंड उठून अंगणात गेला होता. मला म्हणाला, हात गेले की माणूस गेला, आयव्ही.

लोरेनचं काही नाही गं त्यात. कानातून अलगद काढलं असेल याने, तिला कळलंही… नाही. ते कसं जमेल आता त्याला? तिच्याकडे मागूनच घेतलं असेल बिचाऱ्याने.

मूर्ख! महामूर्ख! बायको सोडून गेली तरी चालेल, पण तिने हात बघता कामा नये… नाही, तू नको बोलूस त्याला. मी बोलेन. माझा राग सोसतो तो, कीव नाही सोसणार. आणि मी इथे बसून लोरेनला शिव्या घालतेय. जीव तुटतोय गं माझा…

श्श! फाटक वाजलं. आला… दाराच्या काचेतून दिसतोय. ऐक… ऐकू येतंय? किल्ली. कुलपावर नुसती वाजतेय, आत जात नाहीये…

लागली एकदाची.

ये… हो, माझीच बॅग. ग्लेनिस आहे फोनवर… हो, सापडलं डूल. तुला हवं होतं तसंच सापडलं. ते असू दे, इकडे ये आधी.

ग्लेनिस, मशीन राहू दे तिथेच. ठेवते मी…

डेझमंड, हात दे.

…तो नको रे. दुसरा.